डावखुऱ्याचं दार

धाकट्याला एकसष्टावं लागलं होतं, डोक्यावर चार केस उरले होते, दोन नातवंडं अंगाखांद्यावर खेळत होती, तरी गल्ली त्याला धाकटाच म्हणायची. म्हणणारच. थोरला समोरच बसलेला असायचा ना, दुकानाच्या पायरीवर, ऐटीत खुर्ची टाकून! थोरला आहे तोवर धाकट्याची बढती व्हायची नाही.

दोघे भाऊ सुतार, बापाच्याच दुकानात चाळीस वर्षं. पण थोरला ‘कारागीर’ आणि धाकटा ‘दुरुस्तीवाला’. खिडकी अडकली, बोलवा धाकट्याला. खाट करकरते, बोलवा धाकट्याला. पण गल्लीत कुणी मोठा पाहुणा आला आणि लाकडाबद्दल दोन शब्द सांगायचे असले, की सगळे थोरल्याच्या खुर्चीभोवती गोळा. आणि गंमत ऐका, या थोरल्यानं बत्तीस वर्षांत लाकडाला पटाशी लावली नव्हती. खांदा दुखतो म्हणे. “खांदा दुखतो, तोंड बरं दुखत नाही,” हे वाक्य धाकटा बायकोला रोज ऐकवायचा आणि ती रोज न ऐकता भाजी निवडायची.

तर गल्ली. अकरा जुनी घरं, लाकडी सज्जे, उतरती कौलं आणि मधून जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट. दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकाला चौकापर्यंत मागं जावं लागे, आणि कुणी मागं जायचं हा दोन्हीकडच्या सात पिढ्यांच्या अब्रूचा प्रश्न होऊन बसे. गेल्या वर्षी शिंपीणबाईंच्या नवऱ्याला छातीत कळ आली, तेव्हा ॲम्ब्युलन्स चौकातच अडकली. चौघांनी त्याला खुर्चीत बसवून उचलून नेलं. वाचला, पण खुर्चीत बसून वाचला हे तो अजून कुणाला विसरू देत नाही.

अशा या गल्लीच्या टोकाला जुना छापखाना होता. तो पडला आणि ती जागा एका बिल्डरनं घेतली. सतरा मजले, एकशे दोन फ्लॅट. एकशे दोन घरांच्या गाड्या येणार-जाणार कुठून, तर याच वाटेनं! मग वाट रुंद करायला हवी. त्यासाठी डाव्या हाताची चार घरं पुढून छाटायची. त्यात घड्याळजींचं घर पहिलं, आणि त्याला लागून असलेलं दोघा भावांचं दुकान दुसरं.

शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीणबाई विरोध समितीच्या प्रमुख. निवृत्त झाल्या तरी हातातला खडू सुटला नव्हता. त्यांनी सगळ्या गल्लीला कामाला जुंपलं. चौकात बसून गाड्या मोजायच्या, वहीत रेघा मारायच्या. धाकट्याच्या वाट्याला सकाळी आठ ते दहाच्या दुचाकी आल्या. कागदपत्रं चाळून बाईंनी एक मार्गही शोधून काढला. घड्याळजींच्या घराचा दर्शनी भाग नगरपालिकेच्या वारसा यादीत गेला, तर त्याला हात लावता येणार नाही. हात लावता येत नाही म्हणजे वाट रुंद होत नाही, आणि वाट रुंद होत नाही म्हणजे इमारतीला परवानगी नाही. अट एकच होती. काम शंभर वर्षांपेक्षा जुनं हवं.

आणि घड्याळजींच्या घराचा दर्शनी भाग म्हणजे त्यांचं ते दार. दोन फळ्यांचं, माणसाच्या दीडपट उंच, चौकटीसकट वेलीनं मढवलेलं. वेलीत पानं, पानांत पक्षी. सगळ्या गल्लीचा जीव त्या एका दारात अडकला होता.

तपासनीस बाई आल्या त्या दिवशी गल्ली झाडूनपुसून उभी होती. बाईंच्या हातात भिंग आणि छोटी बॅटरी. त्या शिडीवर चढल्या, आणि शिडी धरायला अर्थातच धाकटा. बाईंनी वरच्या पानापासून सुरुवात केली आणि खालच्या पक्ष्यापर्यंत येईतो बराच वेळ गेला. मध्येच त्या एकदा हसल्या. मग खाली उतरून म्हणाल्या, “हा माणूस डावखुरा होता.”

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

“हे बघा, पानांच्या शिरा. पटाशीचा वार सगळीकडे उलट्या बाजूनं उतरलाय. उजव्या हाताचा माणूस असा कापूच शकणार नाही. आणि काय मोकळा हात! वीस वर्षं मी हेच काम करते. असा हात नाही पाहिला. याचं नाव कुणाला माहीत आहे?”

धाकट्याच्या कानशिलांत रक्त चढलं. त्यानं तोंड उघडलं. पण त्याच्या आधी खुर्ची करकरली आणि थोरला उभा राहिला.

“आमचे आजोबा,” थोरला म्हणाला. “डावखुरेच होते ते.”

शिडी धाकट्याच्या हातून सुटली आणि धाडकन भिंतीवर आदळली. “अरे, नीट धर की!” थोरला म्हणाला. “बाईंना लागलं असतं.”

आता खरं काय ते सांगतो. त्यांचे आजोबा ठार उजवे होते. दुकानात त्यांचा फोटो होता, त्यात उजव्या हातात लाकूड तासायचा वाकस धरून बसले होते. आणि ते दार आजोबांचं नव्हतंच. आजोबांचं दार बत्तीस वर्षांपूर्वी वाळवीनं आतून पोखरलं, बोट लावलं तर भुसा पडायचा. तेव्हाचे म्हातारे घड्याळजी, आताच्या घड्याळजींचे वडील, नाकाला फार जपणारे. घराला वाळवी लागली हे गल्लीला कळलं तर नाक कापलं जाईल, म्हणून त्यांनी गुपचूप सांगितलं, की हुबेहूब तसंच दार करून द्या. लाकूड त्यांच्याच माळ्यावरच्या जुन्या तुळयांचं. बाहेर ताडपत्री लावली आणि रंगकाम चाललंय म्हणून सांगितलं. नोकरीसाठी परगावी असलेल्या मुलालाही त्यांनी कळू दिलं नाही.

बाप तेव्हा डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी बहिणीकडे गेलेला, दोन महिने. जाताना बजावून गेला, “दार थोरल्यानं करायचं. धाकट्यानं रंधा मारून द्यायचा.” धाकटा जन्माचा डावखुरा. पण बापाला ते खपत नसे. डावा हात पुढे आला की पट्टी बसे. लिहायचं उजव्यानं, जेवायचं उजव्यानं, आणि पटाशी धरायची तीही उजव्यानं. उजव्या हातानं धाकटा पान कोरायचा ते बेडकासारखं दिसायचं. म्हणूनच तो दुरुस्तीवाला झाला.

थोरल्यानं दारावर पहिलं पान काढायला घेतलं. बिघडलं. फळी बदलली, पुन्हा बिघडलं. तिसऱ्या दिवशी तो हात गुडघ्यांत घालून बसला. धाकटा म्हणाला, “दादा, बाबा नाहीत घरात. मी डाव्यानं बघू का?” थोरल्यानं दुकानाची दारं लावून घेतली.

पुढचे सात आठवडे हा धाकट्याच्या आयुष्यातला सणच म्हणा. जुन्या दारावरचा वेल समोर ठेवला होता, पण तिसऱ्या-चौथ्या पानानंतर त्याला बघावंच लागलं नाही. हात आपला आपण चालायचा.

बाप जाड भिंगाचा चष्मा लावून परत आला. दार लागून गेलं होतं. त्यानं एका पानावरून अंगठा फिरवला, मग दुसऱ्यावरून, आणि थोरल्याच्या पाठीवर थाप मारली. “शाब्बास! माझ्या बापाचा हात तुझ्यात उतरला.”

थोरला गप्प राहिला. धाकटाही गप्प राहिला, कारण बोलला असता तर डावा हात कबूल करावा लागला असता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. नंतर वर्षभरात बाप गेला, आणि ती शाब्बासकी थोरल्याच्या पाठीवर राहिली ती राहिलीच. त्याच सुमाराला थोरल्याचा खांदाही दुखायला लागला.

असो. तर तपासनीस बाई गेल्या आणि धाकटा दुकानात शिरला. बघतो तर भिंतीवरून आजोबांचा फोटो गायब. तिथं एक पांढरा चौकोन तेवढा उरला होता.

“फोटो कुठंय?”

“ठेवला,” थोरला म्हणाला. “उगाच कुणी उजवा-डावा बघत बसायला नको.”

धाकट्याच्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं तो थोरल्यावर जळत होता, त्याची सवय झाली होती, जुन्या चपलेसारखी. आता मात्र तो मेलेल्या आजोबांवर जळायला लागला. मेल्या म्हशीला मणभर दूध! लोक गाड्या घेऊन दार बघायला यायचे (त्याच गाड्या चौकात अडकायच्या, आणि धाकटा त्यांच्या रेघा मारायचा). वर्तमानपत्रात फोटो आला. दारावर हात ठेवून थोरला उभा, आणि खाली ‘आजोबांचा वारसा जपणारे कारागीर’. शिंपीणबाईंनी तो कापून भिंतीला चिकटवला. घड्याळजी रोज सकाळी फडक्यानं पानं पुसायचे आणि पुसता पुसता म्हणायचे, “काय माणूस असेल हो! आता असे हात कुठले!”

“हे काय, इथंच आहे की,” असं धाकट्याच्या अगदी ओठांवर यायचं. मग तो दुचाकीच्या दोन रेघा जास्तच ओढायचा.

रात्रीच्या जेवणाला तो बायकोला म्हणाला, “मी सांगणार आहे सुनावणीत.”

“काय सांगणार?”

“दार माझं आहे म्हणून.”

बायकोनं ताट खाली ठेवलं. तिला सगळं माहीत होतं, लग्नाच्या पहिल्या वर्षीच त्यानं सांगितलं होतं. “आणि मग? शंभर वर्षं नाहीत म्हणून यादीतून नाव जाईल. घड्याळजींचं घर छाटतील, मग आपलं दुकान. नाव घेऊन काय चाटायचंय?”

“ती बाई म्हणाली, वीस वर्षांत असा हात पाहिला नाही. असं मला आजवर कुणी म्हटलंय? तू तरी म्हटलंयस?”

“तुम्ही खाटा नीट करता की,” बायको म्हणाली. ती बिचारी समजूत घालत होती, पण धाकट्यानं ताट सरकवलं.

सुनावणी नगरपालिकेच्या वरच्या सभागृहात होती. समोर अध्यक्ष, बाजूला तपासनीस बाई, एका अंगाला बिल्डरचा वकील आणि मागच्या बाकांवर सगळी गल्ली. मास्तरीणबाईंनी गाड्यांचे आकडे असे वाचले की अध्यक्षही सरळ बसले. मग वकील उठला. गोड बोलणारा माणूस.

“एकच शंका आहे. या शंभर वर्षांत ते दार कधी बदललं गेलं का? गल्लीत लाकडाची दुरुस्ती कोण करतं?”

सगळ्यांनी माना वळवल्या. मास्तरीणबाई म्हणाल्या, “आमचे धाकटे. विचारा त्यांना खुशाल. धाकटे, या पुढे.” तो जवळून जाताना त्यांनी हळूच सांगितलं, “फक्त ‘नाही’ म्हणा आणि बसा.”

धाकटा पुढे गेला. कारकुनानं वही सरकवली, त्यानं सही केली. मान वर केली तर सगळी गल्ली त्याच्याकडे बघत होती. खाट, खिडकी, बिजागरी यांपैकी काहीही मोडलेलं नसताना सगळी गल्ली त्याच्याकडे बघते आहे, हे आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. मागच्या बाकावर थोरला खांदा चोळत बसला होता.

“ते दार माझं आहे,” धाकटा म्हणाला.

“म्हणजे? मालक तर घड्याळजी ना?”

“मालकीनं नाही. हातानं. बत्तीस वर्षांपूर्वी मी केलं. जुनं वाळवीनं खाल्लं होतं.”

वकिलाचा चेहरा असा उजळला की बघत राहावं. घड्याळजी “काय?” म्हणून उठले आणि तसेच उभे राहिले. मास्तरीणबाईंच्या हातातला कागद खाली पडला. आणि मग मागून शिंपीणबाईंचा नवरा, तोच खुर्चीवाला, मोठ्यानं म्हणाला, “अहो धाकटे, आता आजोबांवर पण जळता?” सगळं सभागृह खदखदून हसलं.

तपासनीस बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “तुम्ही डावखुरे आहात?”

“हो!”

“आत्ता तर तुम्ही उजव्या हातानं सही केलीत.”

धाकट्यानं हाताकडे पाहिलं. बापाच्या पट्टीनं घोटवलेली ती सही, तिनंच दगा दिला. “लिहायला उजवा... ते बाबांमुळं... मी करून दाखवतो. पटाशी द्या, लाकूड द्या, आत्ता इथं दाखवतो!”

“हे सभागृह आहे, सुताराचं दुकान नाही,” अध्यक्ष म्हणाले. हात दाखवून अवलक्षण झालं होतं. “यांचे थोरले बंधू आलेत ना? ते जाणकार आहेत म्हणे. त्यांना विचारू.”

थोरला उठला. सावकाश पुढे आला. धाकट्याच्या शेजारी उभा राहिला, पण त्याच्याकडे बघेना. धाकटा हळूच म्हणाला, “दादा, सांग ना रे.” साठी उलटलेला माणूस, पण आवाज दहा वर्षांच्या पोराचा निघाला.

“साहेब,” थोरला म्हणाला, “हा माझा पाठचा भाऊ. माणूस सोन्यासारखा. खाट म्हणू नका, खिडकी म्हणू नका, याचा हात धरणारा नाही. पण पानाची एक शीर याला काढता येत नाही. लहानपणापासून माझ्यावर जळतो. मनाला लावून घेऊ नका.”

पुन्हा हशा झाला. अध्यक्षांनी ‘निराधार’ असं लिहून घेतलं. तपासनीस बाई धाकट्याच्या हातांकडे बघत होत्या, दोन्ही हातांकडे, आळीपाळीनं. मग त्यांनी फाईल मिटली. तासाभरात निकाल लागला. दार यादीत गेलं.

गल्लीनं पेढे वाटले. धाकट्याला कुणी दिला नाही. मास्तरीणबाई त्याच्याजवळ थांबल्या आणि वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोराशी बोलावं तसं म्हणाल्या, “धाकटे, त्यांनी विश्वास ठेवला असता तर? गल्ली बुडाली असती. विचार केलात?”

केला नव्हता. घरी परतताना वाटेत त्यानं तो केला. शिंपीणबाईंचा सज्जा, घड्याळजींची ओसरी, दुकानाची पायरी, सगळं त्यानं तोंडाच्या एका वाक्यात घालवलं असतं. लाज वाटली त्याला, खरंच वाटली. पण लाजेच्या खाली राग तसाच होता, आणि रागाच्या खाली ती आग. ‘पानाची एक शीर काढता येत नाही.’ म्हणताना जीभ कशी झडली नाही याची!

ऊन उतरायला लागलं तसा तो दुकानात येऊन उगाच एका स्टुलाचा पाय तासत बसला. थोडा वेळ गेला आणि थोरला आला. काखेत आजोबांचा फोटो. दार लोटून घेतलं आणि फोटो रंध्याच्या मेजावर पालथा ठेवला.

“पाठची फळी काढ.”

“तूच काढ. जाणकार आहेस.”

“काढ रे.”

धाकट्यानं चार खिळे उपटले. फळी उलटली. आतल्या बाजूला एक पान कोरलेलं होतं. अर्धवट, शीर मध्येच फाटलेली, कडेला पटाशी घसरल्याचा लांब ओरखडा. बत्तीस वर्षांपूर्वीचं थोरल्याचं पान. फोटोच्या पाठीला ठोकून त्यानं ते जपलं होतं, की लपवलं होतं, देव जाणे.

थोरला खुर्चीवर नाही, खाली भुशात बसला. “तू शेवटचा पक्षी पुरा केलास आणि आंघोळीला गेलास. मी दारापुढं उभा राहिलो. रडलो मी. आनंदानं नव्हे. वाटलं, याला रात्रीतून वाळवी लागावी, सगळं भुसा व्हावं.”

धाकट्याच्या हातातला स्टुलाचा पाय तसाच राहिला.

“बाबांनी शाब्बास म्हटलं तेव्हा लोकांना वाटलं मी फुगलो. थोबाडीत बसल्यासारखं झालं मला. खांद्याला काही झालेलं नाही. कधीच काही नव्हतं. पटाशी उचलली की तुझं पान डोळ्यांपुढं यायचं, आणि मी ती खाली ठेवायचो.”

बाहेर चौकात कुणीतरी हॉर्न वाजवत होतं, मागं जा, मागं जा.

“मग आज खोटं का बोललास? गल्लीसाठी?”

“गल्लीसाठी म्हटलं तर बरं दिसेल,” थोरला म्हणाला. “अर्धं गल्लीसाठी, दुकानासाठी. अर्धं... त्या दारावर तुझं नाव लागलेलं मला बघवलं नसतं. अजून बघवत नाही. आता बोल काय बोलायचं ते.”

खरं तर धाकट्यानं चिडायला हवं होतं. निदान भावाची कीव यायला हवी होती. थोडी आलीही. पण तिच्याही आधी पोटातून असं काहीतरी गरम वर आलं की त्याला हसू दाबवेना. थोरला! खुर्चीवाला, वर्तमानपत्रवाला थोरला, बत्तीस वर्षं रोज त्या दारासमोर बसून जळत होता! त्याच्यावर! दुरुस्तीवाल्यावर!

त्यानं स्टुलाचा पाय बाजूला ठेवला, भुसा झटकला आणि भावाच्या समोर मांडी घालून बसला.

“दादा,” तो म्हणाला, “पुन्हा एकदा सांग.”

“काय?”

“तेच. दारापुढं उभा राहिलास, तिथपासून.”

थोरल्यानं त्याच्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली आणि पहिल्यापासून सांगायला लागला.